बूस्ट किती हे विचारायच्या आधी शून्य कुठलं ते विचारा: टर्बोचं प्रेशर वाचायचं कसं आणि थांबायचं कुठे

पहिल्यांदा फोनवरच्या ॲपमध्ये माझ्या डिझेल गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बो नावाचा पंप इंजिनात जी हवा दाबून भरतो तिचं प्रेशर, बघितलं तेव्हा आकडा आला २.१ बार, आणि मी घाबरून ॲक्सिलरेटरवरून पायच काढला. मॅन्युअलमध्ये त्याच इंजिनाला साधारण १.१ लिहिलेलं, म्हणजे जवळजवळ दुप्पट! दोन रात्री डोक्यात हेच, टर्बोच्या व्हेन (आतल्या हलणाऱ्या पात्या) अडकल्या असणार, आता हेड गॅस्केट जाणार, मग इंजिनच बसणार वगैरे. एका मेकॅनिकला दाखवलं तर तो पण म्हणाला जास्तच वाटतंय, टर्बो खोलून बघूया. नशीब की खोलला नाही, कारण गाडीला काहीही झालेलं नव्हतं. ॲप एका शून्यापासून मोजत होतं आणि मॅन्युअल दुसऱ्या, एवढाच काय तो घोळ.

तेव्हापासून कोणी "माझी गाडी दीड बार बूस्ट करते" म्हटलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, दीड कुठून मोजलं? हे कळल्याशिवाय सेफ आहे का नाही हे बोलण्यात काही अर्थच नसतो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितोय, आधी शून्य, मग युनिट, मग स्वतःच्या गाडीचा आकडा काढायचा कसा आणि सगळ्यात शेवटी तो आकडा चालेल का नाही.

शून्य दोन असतात

टायर पूर्ण बसलाय, रिमवर आलाय, अशा टायरला गेज लावा. काटा शून्य दाखवतो. पण टायरमध्ये हवा नाहीच असं आहे का? आहे की, बाहेर जेवढं प्रेशर आहे तेवढंच आत आहे. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्त किती ते दाखवतं. ह्याला गेज प्रेशर म्हणतात. टायरमध्ये आपण ३२ पीएसआय भरतो ते गेज प्रेशरच असतं.

दुसरा शून्य म्हणजे खरोखर काहीच नाही, पूर्ण निर्वात. तिथून मोजलं की ॲबसोल्यूट प्रेशर. समुद्रसपाटीला आपल्या आजूबाजूची हवाच ॲबसोल्यूटमध्ये साधारण १०१.३ केपीए भरते, म्हणजे १.०१३ बार, म्हणजे १४.७ पीएसआय. इंजिन बंद, टर्बो थंड, तरीही मॅनिफोल्डमधला (सिलेंडरना हवा वाटणाऱ्या नळकांड्यातला) सेन्सर १०१ दाखवणारच.

आता गंमत अशी की डॅशबोर्डवरचं किंवा बाहेरून बसवलेलं बूस्ट मीटर जवळपास नेहमी गेजमध्ये बोलतं, आणि गाडीच्या आतला सेन्सर, ज्याला मॅप सेन्सर म्हणतात, तो ॲबसोल्यूटमध्ये बोलतो. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ॲबसोल्यूटच लागतं कारण सिलेंडरमध्ये हवा किती गेली ह्याचा हिशोब त्याच्यावरूनच होतो. मग ॲप लिहिणारा कधी सेन्सरचा आकडा जसाच्या तसा दाखवतो, कधी त्यातून १०१ वजा करून दाखवतो आणि स्क्रीनवर दोन्ही ठिकाणी नाव मात्र "बूस्ट" असंच असतं. माझा २.१ हा ॲबसोल्यूट होता. त्यातून हवेचा १ बार काढला की १.१, मॅन्युअलशी तंतोतंत.

ह्या घोळात मोठेमोठे लोक पण अडकतात. फॉर्म्युला वनच्या टर्बो जमान्यात १९८७ ला ४ बार आणि १९८८ ला २.५ बार अशी मर्यादा घातलेली, ती ॲबसोल्यूटमध्ये होती. म्हणजे १९८८ च्या गाड्यांचा गेज बूस्ट दीड बारच. आणि तरीही लोक अडीच बार बूस्ट म्हणून छाती फुगवून सांगत असतात.

ओळखायचं कसं? एकदम सोपं आहे. इग्निशन ऑन करा पण इंजिन स्टार्ट करू नका, आणि आकडा बघा. शून्याच्या आसपास असेल तर गेज. १ बार, १०० केपीए किंवा १४ पीएसआयच्या आसपास असेल तर ॲबसोल्यूट. दोन सेकंदाचं काम आहे, टर्बो खोलण्यापेक्षा बरं.

युनिटं, आणि ती डोक्यात बदलायची कशी

युनिटं बरीच आहेत पण खेळ सगळा तीन-चारचाच आहे. बार आणि केपीए हे सख्खे भाऊ, १ बार म्हणजे १०० केपीए, फक्त दशांश चिन्ह दोन घरं सरकवायचं. मिलिबार आणि हेक्टोपास्कल तर एकच गोष्ट, १ बार म्हणजे १००० मिलिबार. युरोपियन गाड्यांच्या स्कॅनरमध्ये बऱ्याचदा २२०० मिलिबार असं काहीतरी दिसतं, ते ॲबसोल्यूट असतं, त्यातून साधारण १००० काढा, बूस्ट १.२ बार.

पीएसआय म्हणजे पाउंड प्रति चौरस इंच. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि १ पीएसआय म्हणजे ६.९ केपीए. डोक्यात करायचं तर पीएसआयला ७ ने गुणा, केपीए मिळाले. १७ पीएसआय म्हणजे ११९, खरं उत्तर ११७, रस्त्यावर चालतंय एवढं.

जपानी मीटरवर केजी प्रति चौरस सेंटिमीटर दिसेल, ते ०.९८ बार असतं म्हणजे बारच समजा, दोन टक्क्यांनी कोणाचं इंजिन जात नाही. काही मीटरवर आकडे ०.५, १.०, १.५ असे असतात आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात "गुणिले १०० केपीए" लिहिलेलं असतं, ते पण बारच झालं.

पटकन बघायला:

०.५ बार = ५० केपीए = ७.३ पीएसआय
०.८ बार = ८० केपीए = ११.६ पीएसआय
१.० बार = १०० केपीए = १४.५ पीएसआय
१.२ बार = १२० केपीए = १७.४ पीएसआय
१.५ बार = १५० केपीए = २१.८ पीएसआय
२.० बार = २०० केपीए = २९.० पीएसआय

ह्यात खरा चकवा देणारं युनिट म्हणजे इंच पारा. बऱ्याच मीटरवर शून्याच्या उजवीकडे पीएसआय असतं आणि डावीकडे, व्हॅक्यूमच्या बाजूला, इंच पारा. एकाच डायलवर दोन युनिटं. पेट्रोल गाडी आयडलिंगला असताना काटा डावीकडे २० वर असतो आणि लोक म्हणतात उणे २० पीएसआय, जे शक्यच नाही कारण पूर्ण निर्वात केलं तरी उणे १४.७ च्या खाली जाताच येत नाही. २० इंच पारा म्हणजे साधारण ६८ केपीए कमी, ॲबसोल्यूटमध्ये ३३-३४ केपीए. तब्येत चांगली असलेलं पेट्रोल इंजिन आयडलला साधारण १८ ते २२ इंचात असतं, तेव्हा तो आकडा घाबरायचा नाही, उलट चांगला आहे. डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो म्हणून आयडलला मॅप जवळजवळ हवेच्या प्रेशरइतकाच, १०० च्या आसपास दिसतो.

आणि एक, १४.७ हा आकडा दोन ठिकाणी येतो. हवेचं प्रेशर १४.७ पीएसआय आणि पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण पण १४.७ ला १. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण चर्चेत लोक हे दोन बिनधास्त मिसळतात.

स्वतःच्या गाडीचा आकडा काढा

इथे घाई करू नका. सगळ्या पुढच्या गोष्टी ह्याच्यावर उभ्या आहेत.

साधी ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावून आकडे फोनवर पाठवते ती) आणि एखादं ॲप पुरतं. ॲपमध्ये तयार "बूस्ट" वर विश्वास ठेवू नका, मॅप आणि बॅरोमेट्रिक, म्हणजे बाहेरच्या हवेचं, प्रेशर हे दोन वेगवेगळे कच्चे आकडे लावा आणि वजाबाकी स्वतः करा. इंजिन बंद असताना दोन्ही सारखे दिसले पाहिजेत, एक-दोन केपीए इकडेतिकडे ठीक आहे. मॅप ९८ आणि बॅरो ९९, चालेल. मॅप १०८ आणि बॅरो ९९ असेल तर सेन्सर घाण झालाय किंवा खोटं बोलतोय, पुढचं सगळं मोजमाप बाद, आधी तो साफ करा नाहीतर बदला.

ओबीडीची एक मर्यादा फार कमी लोकांना माहिती असते. स्टँडर्ड मॅपचा आकडा एका बाइटमध्ये येतो, त्यामुळे तो २५५ केपीएच्या वर जाऊच शकत नाही. समुद्रसपाटीला २५५ वजा १०१ म्हणजे १५४ केपीए, साधारण २२ पीएसआय. तुमची गाडी त्याहून जास्त बूस्ट करत असेल तर ॲपमध्ये आलेख २५५ वर सपाट झालेला दिसेल आणि तुम्हाला वाटेल वा, काय स्थिर बूस्ट आहे. स्थिर बिस्थिर काही नाही, मोजपट्टी संपली. तिथे कंपनीच्या प्रोटोकॉलमधला मोठा आकडा वाचणारा स्कॅनर लागतो किंवा मग वेगळं मीटर.

सेन्सरचं पण तसंच. "३ बारचा मॅप सेन्सर" म्हणजे ३ बार ॲबसोल्यूट, म्हणजे २ बार बूस्टपर्यंतच. २ बारचा सेन्सर असेल तर १ बार बूस्टला त्याचे डोळे मिटतात, आणि त्याच्यापुढे ईसीयू आंधळा. बूस्ट वाढवणारे किती लोक हे बघतात देव जाणे.

वेगळं मीटर बसवत असाल तर नळी थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डवरून घ्या. टर्बो आणि थ्रॉटलच्या मधून घेतली तर व्हॅक्यूम कधी दिसणारच नाही, आणि इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) आधी घेतली तर इंटरकूलरमध्ये पडणारं प्रेशर पण धरून आकडा थोडा फुगलेला येईल. ब्रेक बूस्टरच्या नळीवर टी मारू नका, ब्रेकशी खेळ नको, शिवाय तिथे एकेरी व्हॉल्व्ह असतो त्यामुळे चुकीच्या बाजूला टी पडला तर बूस्ट दिसतच नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. इंजिन नीट गरम होऊ द्या, नुसता पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे झालं असं नाही, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं, तेव्हा वीसेक मिनिटं आरामात चालवा. मग मोकळा सरळ रस्ता, शेजारी दुसरा माणूस फोन धरून, तुम्ही स्क्रीनकडे अजिबात बघायचं नाही. तिसऱ्या गिअरला २००० आरपीएमच्या आसपास या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, डिझेल असेल तर ४००० च्या आत, पेट्रोल असेल तर ५०००-५५०० पर्यंत, आणि सोडा. असं तीनदा, मध्ये दोन-तीन मिनिटं हलकं चालवून. पहिल्या-दुसऱ्या गिअरला लोड टिकत नाही म्हणून बूस्ट पूर्ण येत नाही, आणि जागेवर उभं राहून रेस केली तर काहीच कळत नाही, लोड नसेल तर टर्बो उगाच कशाला मेहनत करेल.

लॉगमध्ये, म्हणजे ॲपने नोंदवलेल्या आकड्यांत, तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या. टोक, म्हणजे क्षणभर गेलेला सगळ्यात वरचा आकडा. टिकलेला आकडा, म्हणजे त्यानंतर एक-दोन सेकंद जिथे स्थिरावला. आणि उतार, म्हणजे वरच्या आरपीएमला किती खाली आला. लहान टर्बोच्या गाडीत १.३ वर टोक, १.१५ वर स्थिर आणि लालपट्टीजवळ ०.९ असं अगदी नॉर्मल असतं. काही गाड्यांत ओव्हरबूस्ट नावाची सोय कंपनीच देते, १०-२० सेकंद जास्त बूस्ट आणि मग परत खाली, तो बिघाड नाही. सोबत इनटेक हवेचं तापमान आणि पेट्रोल असेल तर इग्निशन टायमिंग (स्पार्क नेमका कधी पडतो ते) पण लॉग करा, पुढे लागणार आहे. फक्त जास्त आकडे एकदम मागितले की जुन्या गाड्यांत डोंगल हळू होते, सेकंदाला दोन-तीनच नोंदी येतात आणि टोक हुकतं.

बूस्ट म्हणजे पॉवर नाही

हे पचायला मला बराच वेळ लागला. मॅनिफोल्डमधलं प्रेशर म्हणजे टर्बोने ढकललेली पण इंजिनाने अजून न गिळलेली हवा. इंजिनाचा श्वास मोकळा केला, चांगलं हेड, चांगला एक्झॉस्ट, तर तोच टर्बो कमी प्रेशर दाखवून जास्त पॉवर देऊ शकतो. इंजिनाला हवेचं वजन लागतं, प्रेशर नाही, आणि मध्ये येते उष्णता.

हिशोबच करू. बाहेर ३० डिग्री, टर्बोने हवा दुप्पट प्रेशरला नेली म्हणजे साधारण १ बार बूस्ट, कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ७० टक्के. हवा दाबली की तापतेच, बाहेर पडताना ती साधारण १२५ डिग्री होते. प्रेशर दुप्पट झालं पण गरम हवा पातळ असते, त्यामुळे घनता दीडपटच. इंटरकूलरने ती ४८ डिग्रीला आणली तर घनता १.८९ पट. म्हणजे मीटरवर तोच १ बार, पण एकात हवा ५० टक्के जास्त आणि दुसऱ्यात ८९ टक्के. छोटा टर्बो त्याच्या ताकदीबाहेर पळवला की एफिशियन्सी ६० च्या खाली जाते, मग अजून ०.२ बार चढवून हाती लागते मुख्यतः गरम हवा. आकडा वाढल्याचं समाधान मात्र पूर्ण मिळतं.

म्हणून इनटेक तापमान लॉग करा म्हटलं. पेट्रोलमध्ये फुल लोडला ते ६० डिग्रीच्या वर जायला लागलं तर मी बूस्टबद्दल बोलणं थांबवून इंटरकूलरकडे बघतो, पुढे चिखल, पानं, किडे अडकलेत का, फिन वाकल्यात का.

मग सेफ किती?

असा एक आकडा नाही, आणि जो कोणी सगळ्या गाड्यांसाठी एक आकडा सांगतो त्याला नमस्कार करून पुढे जा. दोन टोकं बघा. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्ये बूस्ट होता फक्त ५ पीएसआय, म्हणजे ०.३४ बार, पण कॉम्प्रेशन (पिस्टन आतली हवा किती पट दाबतो ते) १०.२५ ला १, आणि तेवढ्यासुद्धा बूस्टला नॉकिंग (मिश्रण वेळेआधी पेटून ठोके बसणं) होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून मारावं लागायचं. दुसरीकडे २०१९ चं मर्सिडीज-एएमजीचं दोन लिटर एम१३९ इंजिन कारखान्यातूनच २.१ बार घेऊन येतं, कॉम्प्रेशन ९ ला १, आणि वॉरंटीसकट चालतं. सहापट फरक आहे आणि दोन्ही पेट्रोलच. फरक पिस्टन-रॉडच्या ताकदीत आहे, थेट सिलेंडरमध्ये मारलेल्या इंधनात आहे, कूलिंगमध्ये आहे आणि नॉकिंग ऐकून मिलिसेकंदात टायमिंग मागे घेणाऱ्या ईसीयूमध्ये आहे. नॉक सेन्सरने ऐकायचं आणि त्याप्रमाणे वेस्टगेट (थोडा एक्झॉस्ट टर्बोला न फिरवता बाजूने सोडणारी झडप) उघडून बूस्टच कमी करायचा, ही आयडिया साबने १९८२ च्या सुमारास आणली.

तरी अंदाज पाहिजेच, म्हणून साधारण पल्ले सांगतो, सगळे गेजमध्ये आणि कारखान्यातून आलेल्या गाड्यांसाठी. जुन्या धाटणीच्या हलक्या टर्बोच्या पेट्रोल गाड्या ०.३ ते ०.७ बार. आजच्या लहान डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल गाड्या ०.८ ते १.५. परफॉर्मन्सवाल्या त्याहून वर. साध्या प्रवासी डिझेल १.० ते १.८, दोन टर्बोवाल्या काही २ च्या पुढे. आणि मुळात टर्बो नसलेल्या इंजिनावर कोणी बाहेरून टर्बो बसवला असेल, आतले पार्ट जसेच्या तसे ठेवून, तर ०.३ ते ०.५ च्या पुढे मी तरी जाणार नाही, आणि तेही इंधन आणि टायमिंग नीट ट्यून केलेलं असेल तरच.

तुमच्यासाठी खरी मर्यादा म्हणजे तुमच्याच इंजिन कोडचा सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा, किंवा लॉगमधला ईसीयूने मागितलेला बूस्ट, ज्याला टार्गेट म्हणतात. माझा अंगठेनियम असा, टार्गेटच्या वर ०.१-०.१५ बार क्षणभर गेला तर सोडून द्या, पण ०.२ जास्त राहून दोन-तीन सेकंद टिकत असेल तर काहीतरी अडकलंय. टार्गेटपेक्षा ०.२ कमी राहत असेल तरी काहीतरी आहे. कमी बूस्ट म्हणजे सुरक्षित असं अजिबात नाही, त्याच्यावर पुढे येतो.

पेट्रोल आणि डिझेल इथे वेगळे पडतात. पेट्रोलचा शत्रू नॉकिंग, हवा-इंधन मिश्रण वेळेआधी स्वतःहून पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. बूस्ट, गरम हवा, कमी ऑक्टेनचं पेट्रोल, पुढे ढकललेलं टायमिंग, ह्यातलं काहीही वाढलं की नॉकिंग जवळ येतं. लॉगमध्ये फुल लोडला टायमिंग अचानक चार-पाच डिग्री मागे पडत असेल तर ईसीयू नॉकिंग ऐकतोय, तिथे बूस्ट वाढवायचा विचार सोडा. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या लहान टर्बो इंजिनांत अजून एक भानगड असते, कमी आरपीएमला जास्त लोड दिला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं, एलएसपीआय म्हणतात, एका फटक्यात पिस्टनच्या रिंगमधली पट्टी तुटू शकते. त्यासाठीच ऑइलमध्ये २०१८ ला एपीआय एसएन प्लस आणि २०२० ला एसपी ग्रेड आली. तेव्हा अशा गाडीला मॅन्युअलमधलंच ऑइल घाला आणि पाचव्या गिअरला १३०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर तुडवू नका, गिअर खाली घ्या. कनेक्टिंग रॉड वाकायचा तो पण बहुतेक अशाच वेळी, खालच्या आरपीएमला एकदम टॉर्क चढला की.

डिझेलमध्ये हवा जास्त झाली म्हणून नॉकिंग होत नाही, उलट तेवढ्याच डिझेलला जास्त हवा मिळाली तर जळण स्वच्छ होतं आणि एक्झॉस्ट थंड राहतो. डिझेलचे शत्रू म्हणजे सिलेंडरमधलं कमाल प्रेशर, जे हेड गॅस्केट आणि रॉडवर येतं, आणि एक्झॉस्टचं तापमान. टर्बोच्या आधी मोजलं तर सतत ७०० ते ७५० डिग्रीच्या वर राहणं बहुतेक प्रवासी डिझेलना मानवत नाही. म्हणून डिझेल वाढवलं पण बूस्ट नाही वाढला, तर मागून काळा धूर आणि आतून पिस्टन भाजणं, हे जास्त बूस्टपेक्षा वाईट. कमी बूस्ट सुरक्षित नसतो म्हटलं ते ह्याच्यासाठी.

गाडी उंचावर नेली की आकडे बदलतात

१५०० मीटरवर हवेचं प्रेशर साधारण ८५ केपीए, ३००० मीटरवर ७०. ईसीयू ॲबसोल्यूट टार्गेट पकडत असेल, समजा १९०, तर खाली गेज ०.८९ बार दाखवेल आणि ३००० मीटरवर १.२०. इंजिनाला तेवढीच हवा मिळतेय पण टर्बोची मेहनत बघा, खाली हवा १.९ पट दाबायची होती, वर २.७ पट. टर्बो जास्त वेगाने फिरतो, जास्त तापतो. म्हणून बऱ्याच गाड्या वर गेल्यावर टार्गेटच कमी करतात आणि पिकअप थोडा मेल्यासारखा वाटतो, ती गाडीची हुशारी आहे.

जुन्या, नुसत्या स्प्रिंगवाल्या वेस्टगेटमध्ये उलटं होतं. ॲक्च्युएटरच्या पडद्याच्या एका बाजूला बूस्ट आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, म्हणजे तो गेजमध्ये विचार करतो. उंचावर मीटर तोच ०.७ दाखवतो पण ॲबसोल्यूट पडलेलं असतं. आणि जे ॲप डोळे मिटून १०१ वजा करतं ते १५०० मीटरवर इंजिन बंद असताना उणे १६ केपीए दाखवेल. ते दिसलं की ॲपला काढून टाका.

आकडा चुकीचा आला तर शोधायचं कुठे

कमी बूस्ट, स्कॅनरवर पी०२९९ हा बिघाडाचा कोड, दहातल्या बऱ्याच वेळा गळती असते. होजला चीर, सैल क्लॅम्प, इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीला तडा, व्हॅक्यूमची बारीक नळी निसटलेली. ऐकू येतो तो फुस्स आवाज, आणि सांध्यावर ऑइलचा ओला डाग दिसतो. ह्यातला धोका असा की गळती छोटी असेल तर मीटर बरोबर आकडा दाखवतं, कारण ईसीयू वेस्टगेट अजून बंद करून टर्बोला जास्त पळवतो आणि तूट भरून काढतो. तुम्ही खुश, टर्बोचे बेअरिंग रडतायत. म्हणून स्कॅनरवर वेस्टगेटचा ड्यूटी टक्का (ईसीयू त्याला किती जोर लावतोय ते) दिसत असेल तर तो पण लिहून ठेवा, त्याच बूस्टला हा टक्का महिन्या-महिन्याने सरकत चाललाय म्हणजे गळती समजा.

गळती बघायला टर्बोच्या तोंडाला बूच लावून रेग्युलेटरमधून हवा सोडतात आणि सांध्यांवर साबणाचं पाणी. अर्धा बार पुरे, त्याच्यावर नेऊ नका, ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवा म्हणजे क्रँककेसमध्ये गेलेली हवा सील फाडणार नाही, आणि बुचाच्या समोर तोंड आणून वाकू नका. ते उडतं. मला माहितीये.

जास्त बूस्ट, पी०२३४, म्हणजे वेस्टगेट उघडत नाही, ॲक्च्युएटरची नळी फाटली, सोलेनॉइड अडकला किंवा डिझेलमध्ये काजळीने व्हेन जाम. कायम हळू, कायम थोडंथोडं अंतर चालणाऱ्या डिझेलला हे फार होतं. गाडी लिंप मोडला (इंजिन वाचवायला पॉवर कमी करून चालणं) गेली, बंद करून चालू केली की परत नीट, असं दोनदा झालं तर तिसऱ्यांदाची वाट बघू नका, कारण प्रत्येक वेळी ती बूस्ट मर्यादेबाहेर जाऊनच लिंपला जातेय.

वाढवायचाच असेल तर

सांगून कोणी ऐकत नाही हे माहिती आहे, म्हणून निदान क्रम तरी पाळा. आधी वरची सगळी मोजणी, गळती शून्य, प्लग-फिल्टर-ऑइल ताजं. मग गाडीच्या इंजिन कोडवर काम केलेला माणूस आणि पूर्ण रीमॅप, म्हणजे ईसीयूमधला हिशोबच नव्याने लिहिणं, ज्यात बूस्टबरोबर इंधन, टायमिंग आणि टॉर्क लिमिट सगळं हलवलेलं असतं. नुसता वेस्टगेटचा रॉड घट्ट करणं, नळीत बोल्टवाला बूस्ट कंट्रोलर घालणं किंवा मॅप सेन्सरला खोटा सिग्नल देणारी डबी लावणं, ह्या तिन्हीत इंधन आणि टायमिंगचा हिशोब वाढलेल्या बूस्टसाठी बदललेला नसतो, आणि खोट्या सिग्नलच्या डबीत तर ईसीयूला खरी हवा किती ते कळतच नाही. पेट्रोलमध्ये ह्याचा शेवट पिस्टनला भोक पडून झालेला मी डोळ्यांनी बघितलाय, गाडी मित्राची होती, काटा फक्त ०.२५ बार वर गेलेला.

एका वेळी ०.१ बार, त्याच्यावर नाही. प्रत्येक पायरीला तोच रस्ता, तोच गिअर, तेच पेट्रोल, आणि लॉग. फुल लोडला हवा-इंधन मिश्रण पेट्रोलमध्ये साधारण ११.५ ते १२.५ च्या दरम्यान पाहिजे, पातळ व्हायला लागलं (हवा जास्त, इंधन कमी) की मागे फिरा. टायमिंग मागे पडायला लागलं की मागे फिरा. इनटेक तापमान पायरीगणिक चढत चाललंय आणि गाडी मात्र तेवढीच पळतेय, तर टर्बो संपला, मागे फिरा. वेस्टगेटच्या स्प्रिंगच्या दुपटीच्या पुढे बूस्ट नीट आवरत नाही असं जाणकार म्हणतात, ०.५ ची स्प्रिंग असेल तर १ बारला तसंही थांबावं लागतं.

आणि लॉग केलेला आकडा कुठेतरी लिहून ठेवा. मी ग्लव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवलीये: बॅरो ९९ केपीए, बाहेर ३१ डिग्री, तिसरा गिअर, २५०० आरपीएमला १.१२ बार गेज, इनटेक ४६ डिग्री. "गेज" शब्दाखाली दोनदा रेघ मारलीये.